काहीच होत नाही, तर अंगठा कशाला?

आमच्या आत्याला एस.टी.त बसवणं हे मोठं काम होतं. आमच्या साखऱ्याला गाडी थांबली की ती आधी कंडक्टरला विचारायची, "हिंगोलीला जाती का?" तो हो म्हणाला की ड्रायव्हरच्या खिडकीखाली जाऊन त्याला विचारायची. मग आत बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्याला. तिघांनीही हो म्हटलं की तिचं तोंड आणखीच आंबट व्हायचं. "तिघं बी एकच बोलून राहिले. ठरवून बसलेत काय?" असं पुटपुटत ती पायरीवर पाय ठेवायची आणि हिंगोली येईपर्यंत समोरचा दांडा घट्ट धरून बसायची.

गावात तिला सगळे फौजदारीण म्हणायचे. तिलाही ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. गोरेगावच्या बाजारात दुकानदारानं तराजू उचलायच्या आत हिचा हात पारड्याच्या बुडाखाली गेलेला असे. चिंच चिकटवली असेल, मेण लावलं असेल. एकदा एक दुकानदार वैतागून म्हणाला, "फौजदारीणबाई, इतकी सालं तपासून राहिल्या, एक डाव तरी काही सापडलं का?" आत्या म्हणाली, "तुमी हुशार हाव, म्हनून न्हाई सापडलं." दुकानदार हसला. आत्या हसली नाही. तिनं परत एकदा पारड्याखाली हात घातला.

देवऋषीवर तर तिचा पहिल्यापासून राग. आमच्या वस्तीनं बौद्ध धम्म घेतला तेव्हा घरातले देव काढायला लोक बिचकत होते. आत्यानं सगळ्यांत आधी देवांची टोपली उचलली. तिचं कारण मात्र वेगळं होतं. "इतकी सालं बघून राहिले, एकानं बी हिशेबानं काम केलं न्हाई," ती म्हणाली. नव्या गोष्टीही ती तपासल्याशिवाय घ्यायची नाही. बुद्धवंदना म्हणायला आलेल्या गुरुजींना तिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "ह्याचा अर्थ तुमाला येतो, का नुसतंच पाठ हाय?"

हा स्वभाव तिला कुठून आला ते सांगितलं पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला ती नुसती खाष्ट वाटेल. तिचा नवरा लवकर गेला. सासरी जमिनीचा लहानसा तुकडा होता. दीर एका कागदासह आला आणि म्हणाला, "काई होत न्हाई वैनी, नुसता अंगठा लाव." तिनं लावला. पुढच्या पेरणीला त्या जमिनीत तिला पाय ठेवता आला नाही. ती भावाकडे, म्हणजे माझ्या बापाकडे, राहायला आली ती कायमचीच. ही गोष्ट तिनं कधी रडून सांगितली नाही. एवढंच म्हणायची, "तवापासून कोनी 'काई होत न्हाई' म्हनलं, की मला घाम फुटतो."

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ती पदवी मला कुणी ओवाळून दिलेली नाही. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी शहरात वसतिगृहात राहायला गेलो, तर महिन्याभरात आत्या भाकरीचं गाठोडं घेऊन हजर. मला वाटलं, माया आली. तर मला भेटायच्या आधी ती फाटकावरच्या शिपायाला गाठून विचारत होती, "हा पोरगा हितं खरंच शिकून राहिला, का नुसताच राहून राहिला?" शिपाई म्हणाला, "शिकतो, आजी." आत्यानं दोन पोरांना आणखी विचारलं. मगच गाठोडं सोडलं. मी तेव्हा लाजेनं मेलो होतो. आज वाटतं, माझ्या शिक्षणाची इतकी काळजीपूर्वक तपासणी विद्यापीठानंही केली नाही.

तिच्या संशयाच्या बाहेर फक्त एकच माणूस होता. माझा धाकटा भाऊ, मिलिंद. आई त्याच्या बाळंतपणात गेली. त्या ओल्या गोळ्याला आत्यानं हातात घेतलं ते खाली ठेवलंच नाही. तो खोटं बोलला तरी तिला खरं वाटायचं. "माझं लेकरू लबाड बोलत न्हाई," ती म्हणायची, आणि मिलिंद तिच्या मागे उभा राहून गूळ चघळत असायचा.

तो पाच-सहा वर्षांचा असताना एका सकाळी डोळे सुजून उठला. दुपारी सूज उतरली, दुसऱ्या दिवशी परत आली. मग पाय सुजले, पोट नगाऱ्यासारखं झालं. लघवीला फेस यायचा. शेजारीण म्हणाली, कुणीतरी करणी केली. आत्या तिच्यावर उसळली, "करनी करायला आमच्यापाशी हाय काय?" तिनं पोराला कडेवर घेतलं आणि हिंगोली गाठली. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं की दोष मूत्रपिंडात आहे, आणि बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या. सूज उतरली. पण मिलिंदचे गाल फुगून भाकरीसारखे गोल झाले. बाप खूश, पोरानं अंग धरलं म्हणून. आत्याला ते गाल पटेनात. "गोळीनं सूज उतरली, का अंगाची सूज तोंडावर नेऊन ठिवली?" तिनं डॉक्टरलाच विचारलं. डॉक्टर म्हणाला, बाई, तुमचं बरोबर आहे, गाल गोळीनंच फुगलेत. तेव्हापासून ती गोळी देताना आधी गोळीकडे बघायची, मग पोराकडे, आणि दोघांवरही तिचा भरवसा नसल्यासारखी मान हलवायची.

गोळ्या कमी केल्या की सूज परत यायची. दोन-तीनदा असं झाल्यावर डॉक्टरनं हात टेकले आणि आम्हाला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. मी शिकत होतो तेच शहर. बापाला काम सोडून येणं शक्य नव्हतं. तो मला एवढंच म्हणाला, "आत्या म्हनंल तसं करा."

मुलांच्या वॉर्डात दोन डॉक्टर होते. मोठ्या डॉक्टरीणबाई, केस पांढरे, आवाज खणखणीत. आणि त्यांच्या हाताखाली एक धाकटे डॉक्टर, नुकतेच पास झालेले, कोटाला कडक इस्त्री. त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. मूत्रपिंडात नेमकं काय बिघडलंय ते वरून कळत नाही. पाठीतून सुई घालून भाताच्या शिताएवढा तुकडा काढायचा आणि तपासायचा. म्हणजे गोळ्या किती दिवस द्यायच्या ते ठरवता येईल. "काही होत नाही आजी, मुंगी चावल्यासारखं वाटतं," असं म्हणून त्यांनी संमतीचा कागद आणि शाईची डबी पुढे केली.

आत्यानं हात पदराखाली घेतला.

"काहीच होत न्हाई, तर अंगठा कशाला?"

शेजारच्या दोन-तीन खाटांवरच्या बाया हसल्या. डॉक्टरांचे कान लाल झाले. "नियम आहे," ते म्हणाले. मी कागद वाचून दाखवला, समजावलं, माझी सहीही चालेल म्हणालो. आत्या म्हणाली, "कालेजवाल्या, तू वाचून राहिला ते बराबर हाय. पन ज्यानं लिव्हलं, त्यानं समदं लिव्हलं का?"

दोन दिवस ती अडून बसली. तिसऱ्या दिवशी मिलिंदच्या पापण्या इतक्या सुजल्या की त्याला डोळे उघडता येईनात. तो चाचपडत तिचा पदर शोधायला लागला. तेव्हा तिनं डॉक्टरांसमोर अंगठा धरला.

मिलिंदला पालथं निजवून पोटाखाली वाळूची पिशवी दिली होती. आत्या बंद दाराला कान लावून उभी. आतून एकदाच तो "आत्या" म्हणून ओरडला. नंतर त्याला पाठीवर पट्टी बांधून खाटेवर आणलं. सिस्टरनं बजावलं, दिवसभर उताणंच निजायचं, उठायचं नाही. आणि दर वेळची लघवी वेगळ्या काचेच्या बाटलीत धरून खाटेखाली ओळीनं ठेवायची, डॉक्टर बघतील. का बघतील, ते सिस्टरनं सांगितलं नाही. मी थोडा वेळ बसलो आणि आत्याला चहा आणून देऊन तासाला गेलो.

पुढचं मला नंतर आत्याकडूनच कळलं.

पहिली बाटली जरा तांबूस होती. दुसरी लालभडक, पान खाऊन थुंकल्यासारखी. शेजारच्या खाटेवर कुरुंद्याची एक बाई आपल्या पोराला घेऊन होती. आपल्या भागातली म्हणून आत्याची तिच्याशी जरा बोलाचाली. ती बाई बाटली बघून हळूच म्हणाली, "माय, लाल आलं की आत नेतेत. पोट फाडतेत आन् गुर्दाच काढून टाकतेत. म्या आयकलं हाय." आत्यानं त्या दोन्ही बाटल्या लुगड्यात गुंडाळून आपल्या पिशवीत तळाला घातल्या. रिकामी बाटली दिसली तर पंचाईत. मग शेजारणीकडे विरजण मागावं तशी तिनं कुरुंद्याच्या बाईकडे तिच्या पोराची लघवी मागितली. आणि त्या माउलीनं दिलीही.

धाकटे डॉक्टर आले. बाटली खिडकीपाशी उजेडात धरली. स्वच्छ पिवळी. ते खूश होऊन म्हणाले, "बघा आजी, म्हटलं नव्हतं? काही होत नाही." जाताना मिलिंदच्या गालाला चिमटा काढून गेले. आत्याला वाटलं, पोरगं वाचवलं.

दुपारी मी परत आलो तर मिलिंद पोट धरून कण्हत होता. लघवी अडली होती. कपाळावर गार घाम. धाकटे डॉक्टर येऊन गोंधळले होते. लघवी तर स्वच्छ आहे, मग रक्ताचा प्रश्न नाही. पोटात गॅस धरला असेल, पोर घाबरलं असेल, असं म्हणून त्यांनी दुखणं थांबायचं औषध सांगितलं. आत्या पायाशी बसून मिलिंदची नखं दाबून बघत होती. नखं पांढरी पडली होती आणि दाबून सोडली तरी लाल होत नव्हती. ती डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होती, आणि मला वाटलं, आता ही त्यांच्यावर तुटून पडणार. तसं झालं नाही. पुढे कितीतरी वेळा तिनं मला त्या घडीबद्दल सांगितलं. "जल्मभर समद्यांचा संशय घेतला रे. त्या दिशी पहिल्यांदा मला माझाच आला."

तिनं पिशवी ओढली. लुगड्यातून लाल बाटली काढली आणि पदराखाली न लपवता, सगळ्या वॉर्डाच्या देखत, हातात उंच धरून ती मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलापर्यंत गेली. मी मागोमाग.

"ही खरी हाय," ती म्हणाली. "त्यास्नी दाखवली ती दुसऱ्याच्या लेकराची व्हती. आता फाडायचं ते मला फाडा. त्याला सोडा."

बाईंनी बाटली उजेडात बघितली आणि एक क्षण न घालवता उठल्या. मिलिंदच्या पोटावर हात ठेवला, पाठ दाबून बघितली, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघितला. आतून रक्त चालू होतं, आणि त्याच्या गुठळ्या मूत्राशयात साचून वाट बंद झाली होती. बारीक नळी घालून गुठळ्या धुऊन काढल्या तेव्हा मिलिंदचं कण्हणं थांबलं. सलाईन लावलं. मग बाई आत्याकडे वळल्या. मला वाटलं, आता बोलतील, आणि बोलणं वाजवीच होतं.

"का लपवलीत?" त्यांनी विचारलं.

"तुमचे मानसं म्हनले, काई होत न्हाई. आन् झालं. जे व्हायचंच नव्हतं ते झालं म्हनल्यावर चूक कोनाची धरली असती? आमचीच ना, बाई?"

बाईंनी धाकट्या डॉक्टरांकडे बघितलं. मी शिकलेला माणूस. पुष्कळ परीक्षकांच्या नजरा बघितल्यात. तशी नजर परत बघायला मिळाली नाही.

रक्त द्यावं लागणार होतं. माझं जुळलं नाही, आत्याचं जुळलं. त्या काळी आमच्या गावाकडं रक्त द्यायचं म्हटलं की धडधाकट गडी गाव सोडून पळायचे. आत्या लगेच उठली. धाकटे डॉक्टर तिच्या बरोबर चालता चालता म्हणाले, "घाबरू नका आजी, काही हो..." आणि पुढचा शब्द त्यांनी गिळला. "थोडी चक्कर येईल," ते म्हणाले. "हां," आत्या म्हणाली, "आस्सं सांगा."

रक्त घेतलं, तपासलं, आणि वॉर्डबॉय काचेची बाटली घेऊन निघाला. तोवर आत्या बाकावरून उठून त्याच्या शेजारी उभी.

"आजी, तुम्ही निजा. मी नेतो की."

"न्या ना. कोन नको म्हनलं? म्या संगं येते."

"अहो, रस्त्यात कुठं जातंय ते?"

"बदलायला किती येळ लागतो, ते मला इचारा."

ती भिंतीला धरत धरत, बाटलीवर डोळे रोखून, त्या लांबलचक वऱ्हांड्यातून चालत आली. नळीतून पहिला थेंब मिलिंदच्या हातात उतरेपर्यंत खाली बसली नाही.

रक्त हळूहळू थांबलं. फाडावं लागलं नाही. आता खाटेखालच्या ओळीची मालकी आत्याकडे होती. लाल, मग काळ्या चहासारखी, मग तांबूस. डॉक्टर दिसला की बाटली हातात घेऊन ती पुढे. सफाईवालीलाही दाखवायची. कुरुंद्याच्या बाईला तर तिनं समोर बसवून सांगितलं, "माय, लाल आलं तर आरडून सांग. म्या केलं तसं करशीन तर लेकरू जाईन."

मिलिंद हिंडायला लागला, आणि तेव्हा तपासणीचं उत्तर आलं. काढलेल्या तुकड्यात मूत्रपिंड नव्हतंच. सुई मूत्रपिंडाला टोचली, रक्त निघालं, पण तुकडा घेताना ती जरा बाजूला गेली होती. आला होता तो पाठीच्या मांसाचा कण. मोठ्या बाईंनी आडपडदा न ठेवता ते सांगितलं. आत्ता लगेच नको, पण अंगात ताकद आल्यावर परत करावं लागेल. नाहीतर गोळ्या अंधारातच द्यायच्या. एवढं भोगलं ते फुकट. आत्या म्हणाली, "घरी जातो. इचार करतो." गाडीत चढताना तिनं कंडक्टरलाही काही विचारलं नाही, तेव्हा मी खरा घाबरलो.

घरी बाप म्हणाला, पुरे झालं. भाऊबंद म्हणाले, पोरगं मारायचं आहे का? मिलिंदचे डोळे परत सुजायला लागले. आत्या रोज सकाळी त्याच्या पापण्यांवर बोट ठेवून बघायची आणि कुणाला काही सांगायची नाही. ज्वारी खळ्यावरून घरात आली. त्या आठवड्यात तिनं गाठोडं बांधलं.

दवाखान्यात गेलो तर मोठ्या बाईंची बदली झालेली. समोर धाकटे डॉक्टर. मला वाटलं, संपलं. आत्या इथूनच माघारी फिरणार. तिनं त्यांना नखशिखांत न्याहाळलं. डॉक्टरही तिला ओळखून क्षणभर थबकले. मग खुर्ची सोडून ते तिच्याशेजारी बाकावर येऊन बसले.

"आजी, गेल्या वेळी मी नीट सांगितलं नाही. आज सांगतो," ते म्हणाले. "सुई घातल्यावर लघवीतून रक्त येऊ शकतं. पुष्कळ पोरांना थोडं येतं आणि आपोआप थांबतं. एखाद्याला जास्त येतं, रक्त द्यावं लागतं. पाठीत आत रक्त साचतं, दुखतं. क्वचित पोट उघडावं लागतं. फार क्वचित त्या बाजूचं मूत्रपिंड काढावं लागतं. आणि त्याहून क्वचित..." ते थांबले. "तेही होऊ शकतं. या वेळी आधी फोटो काढून जागा नीट आखून घेणार आहे. तरी तुकडा बरोबर येईलच, अशी खात्री देत नाही."

आत्या एकेका वाक्याला मान डोलवत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "तुमचं लेकरू असतं तर केलं असतं का?"

डॉक्टरांनी संमतीचा कागद मांडीवर उलटा ठेवला. "माझं लग्नच झालेलं नाही, आजी. काय केलं असतं, माहीत नाही. भीती वाटली असती, एवढं खरं."

आत्यानं माझ्याकडे बघितलं. "आण रे ती डबी," ती म्हणाली.

त्या वेळी बाटली फक्त एकदा तांबूस झाली. तुकडा बरोबर आला. दोष गोळीनं हटणाऱ्यातला निघाला. गोळ्या दीर्घकाळ द्याव्या लागल्या, हळूहळू कमी केल्या, आणि मिसरूड फुटायच्या आत मिलिंदची सूज कायमची गेली. "डॉक्टरनं 'माहीत न्हाई' म्हनलं म्हनून अंगठा दिला," आत्या सांगायची. "'व्हय, केलं असतं' म्हनला असता, तर लेकरू उचलून घरी आले असते."

याचा अर्थ तिचा स्वभाव बदलला असा कुणी घेऊ नये. माझ्या लग्नात तिनं आचाऱ्याच्या मागे उभं राहून तेलाचे डबे मोजले. मला नोकरी लागली तेव्हा नेमणुकीचा हुकूम दोघा जणांकडून वाचून घेतला. फक्त समोरचा माणूस वाईट सांगायला लागला, की ती मोकळी व्हायची. वाईट सांगणारा माणूस तिला आपला वाटायचा.

मिलिंद पुढे गोरेगाव-सेनगाव जीप चालवायला लागला. आत्या अंथरुणाला खिळली तेव्हा मी सुट्टी घेऊन गावी आलो होतो. एका सकाळी तिचा श्वास वर लागला. मिलिंदनं जीप दारात आणली, मागच्या बाकावर गोधडी घातली, आणि तिला उचलायला वाकला. हिंगोलीला नेतो म्हणाला. आत्यानं त्याचा हात धरला.

"मिलिंदा, म्या माघारी येईन का रे?"

मी तोंड उघडलं होतं. धीर द्यायचं काहीतरी जिभेवर आलंच होतं. पण तिनं मला विचारलं नव्हतं. मिलिंद तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"न्हाई वाटत, आत्या," तो म्हणाला.

तिनं डोळे मिटले, आणि कपाळावरची आठी सैल झाली. "मंग काहून एवढे धक्के खायचे? बंद कर ती गाडी. बस जरा माझ्यापाशी."

त्यानं जाऊन जीप बंद केली आणि येऊन तिच्या उशाशी बसला.